तळ्याकांठचा एकांत

शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाचे कांहीं उद्गार ठरलेले असतात. आठवडाभर कचेरी, लोकलगाडी आणि घरप्रपंच यांच्या चरकांतून निघाल्यावर रविवारीं सकाळीं तो एखाद्या तळ्याकांठीं जातो, दोन घटका झाडाखालीं बसतो, आणि परत येतांना "मन कसें ताजें झालें!" असें म्हणतो. हा उद्गार खोटा असतो असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु तो इतका सवयीचा झाला आहे कीं, नेमकें काय ताजें झालें, तें कशानें झालें, आणि सोमवारच्या दुपारपर्यंत त्यांतलें कितपत शिल्लक उरलें, हे प्रश्न आपण स्वतःस कधींच विचारीत नाहीं. तळ्याकांठची फेरी हा आपल्या शिष्ट जीवनांतला एक विधि झाला आहे; आणि प्रत्येक विधीस जसा एखादा मंत्र लागतो तसा यासहि एक मंत्र आहे. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या बहुतेकांस तो पाठ असतो. वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरील कविता हा तो मंत्र होय.

ही कविता मी कॉलेजांत सुमारें तीस वर्षें शिकवीत आलों आहें. जीं फुलें माझ्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं चित्राबाहेर कधीं पाहिलीं नाहींत, त्यांच्या सौंदर्यावर मीं तास-तास व्याख्यानें दिलीं, आणि वर्षानुवर्षें एकच टिपण उतरवून दिलें : नागर जीवनाच्या कोलाहलानें शिणलेला कवि निसर्गाच्या सान्निध्यांत जातो, तेथील एकांतांत त्यास शांति लाभते, इत्यादि. परीक्षेंत या टिपणास चांगले गुण मिळत. कांहीं वर्षांपूर्वीं मात्र एका विद्यार्थिनीनें मध्येंच उठून विचारलें, "सर, त्या दिवशीं कवीची बहीण बरोबर होती ना? मग कवितेंत ती कोठें गेली?" वर्ग हसला. कवितेला इतिहासाचा जाब विचारावयाचा नसतो, असें कांहींसें उत्तर देऊन मीं वेळ निभावून नेली. उत्तर शास्त्रशुद्ध होतें, पण तें देतांना प्रश्न चुकविल्याची टोंचणी मला लागल्यावांचून राहिली नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या वायव्येस सरोवरांचा जो प्रदेश आहे, त्यांत अल्सवॉटर नांवाचें सुमारें साडेसात मैल लांबीचें सरोवर आहे. १५ एप्रिल १८०२ रोजीं, गुरुवारीं, विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची धाकटी बहीण डॉरोथी हीं दोघें सरोवराच्या टोंकाशीं राहणाऱ्या स्नेह्यांचा निरोप घेऊन कांठाकांठानें पायीं घराकडे निघालीं होतीं. घर म्हणजे ग्रासमिअर येथील एक लहानशी वास्तु. तेथें तीं १७९९ च्या डिसेंबरांत राहावयास आलीं होतीं. वारा असा सुटला होता कीं, मागें फिरावें काय, असें त्यांस एकदां वाटून गेलें. कांहीं वेळ त्यांनीं होड्या ठेवण्याच्या पडवींत काढला, कांहीं वेळ झुडुपाच्या आडोशास. गोबॅरो पार्क ओलांडल्यावर झाडींत, पाण्यालगत, प्रथम चार-दोन फुलें दिसलीं. पुढें जावें तों आणखी थोडीं. आणि अखेरीस झाडांखालून कांठाच्या कडेनें गेलेला, एखाद्या गाडीरस्त्याएवढा रुंद असा फुलांचा लांबच लांब पट्टा. डॉरोथीनें आपल्या रोजनिशींत हें सारें टिपलें आहे. वाऱ्यानें दमून दगडांच्या उशाला विसावलेलीं फुलें तिला वेगळीं दिसलीं, वाऱ्याशीं खेळणारीं वेगळीं, आणि थव्यापासून फुटून थोडीं वर जाऊन उभीं राहिलेलीं आणखी वेगळीं. सरोवराच्या पाण्यानेंच बीं वाहत आणून येथें टाकलें असेल काय, असा तर्कहि तिनें करून पाहिला. पुढें पाऊस लागला. मुक्काम पॅटरडेलच्या खाणावळींत पडला. तेथें दोघांनीं जेवण केलें, ऊन पाण्यांतून थोडी रम घेतली, आणि खिडकींत सांपडलेल्या पुस्तकांत मन रमविलें. भिजून आलेल्या माणसांचा दिवस संपावा तसाच तो दिवस संपला.

कविता लिहिली गेली ती सुमारें दोन वर्षांनंतर. १८०७ सालीं ती छापून निघाली, आणि १८१५ सालीं एक कडवें वाढवून व कांहीं शब्द पालटून कवीनें तिला आज आपण वाचतों तें रूप दिलें. या प्रवासांत काय टिकलें आणि काय गळलें हें पाहण्यासारखें आहे. बहीण गळली. मागें फिरावयास लावणारा वारा जाऊन त्याच्या जागीं सुखद झुळूक आली. पाऊस गेला, खाणावळ गेली. दमलेलीं फुलेंहि गेलीं आणि सगळीं एकजात नाचूं लागलीं. या सर्वांच्या मध्यभागीं एकटा पुरुष उभा राहिला. मौजेची गोष्ट अशी कीं, अंतश्चक्षु हें एकांताचें परम सुख होय, असा आशय ज्या दोन ओळींत आला आहे, आणि ज्यांस स्वतः कवि आपल्या कवितेंतल्या सर्वोत्कृष्ट ओळी मानीत असे, त्या त्याच्या नव्हतच. त्या त्याची पत्नी मेरी हिच्या, असें त्यानेंच सांगून ठेविलें आहे. म्हणजे एकांताचें हें जगप्रसिद्ध गाणें तीन माणसांच्या घरांत, तीन माणसांनीं मिळून रचलेलें आहे.

यावरून कोणी वर्डस्वर्थवर चौर्याचा आरोप करूं लागेल तर तें अरसिकपणाचें होईल. डॉरोथीनें रोजनिशी धरली तीच मुळीं भावाला आनंद व्हावा या हेतूनें, असें तिनें आरंभींच लिहिलें आहे. घरांतलें धान्य जसें कोणा एकाचें नसतें, तसे त्या घरांतले अनुभवहि कोणा एकाचे नसत. शिवाय कवितेस निवड करावीच लागते. शेवटच्या कडव्यांत कवि आपल्या खोलींत आरामासनावर पडला आहे, मन रितें किंवा विचारमग्न आहे, आणि अशा वेळीं तीं फुलें त्याच्या अंतश्चक्षूंपुढें एकाएकीं चमकून जातात. या एकाकी क्षणास पहिल्या कडव्यांतील एकाकीपणाचा आधार हवा. आरंभीं दोघें असतीं तर शेवट लुळा पडला असता. तेव्हां एकांत हा त्या दिवशींचा अनुभव नसून त्या कवितेची रचना आहे. कवीनें ती जाणूनबुजून केली आणि कवि म्हणून तो तिच्यांत यशस्वी झाला, यांत संशय नाहीं.

माझी तक्रार कवीविरुद्ध नसून आपणां वाचकांविरुद्ध, आणि विशेषतः आम्हां शिक्षकांविरुद्ध आहे. आम्हीं रचनेस अनुभव मानलें. कविता सरोवराच्या कांठीं संपत नाहीं, ती घरांत संपते, ही ठळक गोष्ट आमच्या टिपणांत कधीं आलीच नाहीं. आपल्याला काय मिळालें हें त्या वेळीं आपणांस उमगलें नव्हतें, अशी कबुली कवि स्वतः देतो. आणि आपण मात्र तळ्यावर पोंचतांच मन ताजें झाल्याची पावती फाडून मोकळे होतों! वर्डस्वर्थच्या हिशेबीं तळ्याकांठीं मिळतो तो विसांवा नव्हे, तर ठेव. तिचें मोल पुढें कधीं तरी, एखाद्या रित्या दुपारीं, घरच्या चार भिंतींत ठरावयाचें असतें. शहरापासून सुटका असा अर्थ तिच्यावर लादणें म्हणजे तिच्या शेवटच्या कडव्याकडे पाठ फिरविणें होय. याच १८०२ सालीं वेस्टमिन्स्टरच्या पुलावरून दिसलेल्या पहाटेच्या लंडनवर ज्या कवीनें एक अत्यंत सुंदर सुनीत रचिलें, त्याला शहराचा सरसकट तिटकारा होता असें म्हणणेंहि कठीण आहे. आणि त्या प्रवासांतहि डॉरोथी बरोबर होतीच.

आतां दुसरा मुद्दा. कविता म्हणून कवितेची योग्यता मोठी. पण तळ्याकांठीं कसें चालावें आणि कसें पाहावें हें ज्यास शिकावयाचें आहे, त्यानें कवितेपेक्षां रोजनिशीकडे जावें असें माझें मत झालें आहे. याचें कारण असें कीं, कवितेंत चालणें नाहीं. तिचा नायक भटकतो खरा, पण फुलें त्याला एका दृष्टिक्षेपांत, हजारोंच्या संख्येनें, एकदम दिसतात. १८१५ सालीं वाढविलेल्या कडव्यांत त्यांची तुलना आकाशगंगेंतील ताऱ्यांशीं आली आणि फुलें सरोवरापासून आणखीच दूर गेलीं. रोजनिशींत मात्र पावलें ऐकूं येतात. आधीं चार-दोन, मग थोडीं, मग पुष्कळ. आधीं एक शंका, मग एक तर्क, मग आश्चर्य. पाहणारीनें फुलांस एका रंगांत बुडविलें नाहीं. दमलेलें फूल आणि नाचणारें फूल असा भेद तिनें राखला. असा भेद राखणें हाच निसर्गनिरीक्षणाचा प्राण आहे. ज्यास सगळीं झाडें 'हिरवीगार' आणि सगळे पक्षी 'किलबिलणारे' दिसतात, तो तळ्याकांठीं गेला काय आणि न गेला काय, सारखेंच.

वर्डस्वर्थच्या चालण्याविषयीं मात्र गैरसमज नको. तो आयुष्यांत पावणेदोन लाख मैलांहून कमी चालला नसेल, असा अंदाज त्याचा समकालीन लेखक डी क्विन्सी यानें केला होता. आणि त्याच्या कवितांचा मोठा भाग चालतां-चालतां झालेला आहे. अर्थात् इतकें चालणाऱ्या माणसाच्या सर्वांत लोकप्रिय कवितेंत चालणें उरूं नये, हें आश्चर्यच म्हणावयाचें.

आपल्याकडे बालकवि ठोमऱ्यांस (१८९०–१९१८) निसर्गकवि म्हणण्याची रीत आहे. त्यांची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखी आहे. तीहि पाण्याकांठचीच कविता. गांव, शेतमळे, कुरणें यांमधून पायवाट जाते ती एका काळ्या डोहापाशीं, आणि तेथें पाण्यांत पाय सोडून औदुंबर बसलेला असतो. या आठ ओळींत 'मी' हा शब्द कोठें नाहीं. मन ताजें झाल्याची ग्वाही नाहीं, घरीं न्यावयाची ठेवहि नाहीं. पाहणारा आहे, पण त्यानें आपली उपस्थिति कोठेंच जाहीर केलेली नाहीं. पायवाटेच्या वळणानें आपली दृष्टि चालूं लागते आणि डोहाशीं येऊन थबकते; चालण्याची ती क्रमशः उलगडणारी गति इथें साधली आहे. वर्डस्वर्थनें आपला एकांत मोठ्यानें उच्चारला. ठोमऱ्यांनीं तो उच्चारला नाहीं, म्हणून तो अधिक खोल लागतो. दोन कवींची तुलना करून एकास पाट आणि दुसऱ्यास चटई देण्याचा माझा विचार नाहीं. पण निसर्ग म्हणजे आपल्या मनावरचें औषध, ही समजूत आपण ज्या घरून उसनी आणली, त्या घरापेक्षां वेगळी पाहण्याची रीत आपल्या भाषेंतच उपलब्ध आहे, हें सांगितलेंच पाहिजे.

येथें एक खासगी गोष्ट कबूल करणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं श्रावणांतल्या एका सकाळीं मी पवईच्या तळ्यावर गेलों होतों आणि त्यावर मीं एक ललितलेख लिहिला. तो एका दिवाळी अंकांत छापून आला. त्यांत एक कमळपक्षी होता. पानांवरून तो बुडल्याशिवाय चालतो तो त्याच्या लांबलचक बोटांमुळें. अंगाचा भार तीं बोटें पानभर वांटून देतात. पावसाळ्यांत त्याला लांब, बांकदार शेपूट येतें. हें सारें त्या लेखांत होतें, आणि वाचकांनीं तेवढ्याच भागाचें विशेष कौतुक केलें. लेखाचें पहिलेंच वाक्य मी त्या तळ्याकांठीं अगदीं एकटा होतों अशा अर्थाचें होतें. वस्तुतः पत्नी बरोबर होती. पक्षी प्रथम दिसला तो तिला. मी तेव्हां वर्तमानपत्र पसरून बसलों होतों. बोटांची गोष्टहि तिनेंच दाखविली. लेख वाचून झाल्यावर ती एवढेंच म्हणाली, "मग त्या दिवशींचीं थालीपिठें तुम्हीं एकट्यानेंच संपविलींत म्हणावयाचीं!" मी हसलों, तीहि हसली. पण त्यानंतर माझा कोणताहि लेख तिनें आपण होऊन मागून वाचला नाहीं, ही गोष्ट माझ्या ध्यानांत यावयास फार दिवस लागले. वर्डस्वर्थच्या रचनेस एकांताची गरज होती. माझ्या लेखास तशी कांहीं गरज नव्हती. मीं एकांत केवळ ऐट म्हणून वापरला, कारण निसर्गाजवळ जाणारा सुसंस्कृत माणूस एकटाच असतो असें मीं शिकलों होतों आणि शिकवीत होतों. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला लागला तो यामुळें.

असो. कवीकडे पुन्हां वळूं. तळ्यावर कोणी जावें, या प्रश्नावर उतारवयांत वर्डस्वर्थनें उघड भूमिका घेतली होती. १८४४ सालीं केंडलहून विंडरमिअर सरोवराकडे आगगाडी नेण्याची योजना निघाली, तेव्हां राजकवि झालेल्या या वृद्ध गृहस्थानें एका वृत्तपत्रांत आधीं एक सुनीत आणि मग दोन लांब पत्रें छापून तिला विरोध केला. त्याचा युक्तिवाद असा : डोंगर-सरोवरांच्या सौंदर्याची रुचि उपजत नसते, ती दीर्घ परिचयानें, हळूहळू अंगीं येते. तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांतील कामकऱ्यांस एका दिवसाकरितां गाडींत भरून सरोवरावर आणून सोडल्यानें त्यांचें हित होणार नाहीं. सरोवराचें मात्र अहित होईल. गुत्ते येतील, कुस्त्या आणि होड्यांच्या शर्यती येतील. त्यापेक्षां त्या लोकांनीं आपापल्या गांवाजवळच्या शेतांतून रविवारीं फिरावें हें बरें.

या युक्तिवादाचें पहिलें पाऊल बरोबर आहे आणि दुसरें चूक आहे. रुचि संस्कारानें येते हें खरें. पण जी संस्कारानें येते तिच्यासाठीं संस्काराची संधि खुली ठेवावी लागते. ती मिळण्यापूर्वींच माणसास अपात्र ठरविणें म्हणजे पोहावयास येईपर्यंत पाण्यांत उतरूं न देणें होय. शिवाय बाहेरच्या लोकांस या प्रदेशाची वाट दाखविली कोणी? १८१० सालीं एका चित्रसंग्रहाची निनांवी प्रस्तावना म्हणून वर्डस्वर्थनें लिहिलेला मजकूर वाढत-वाढत प्रवाशांकरितां मार्गदर्शक ग्रंथ झाला, आणि १८३५ सालीं त्याची पांचवी आवृत्ति निघाली. पाहावयास डोळे आणि रमावयास हृदय असलेल्या प्रत्येकाचा ज्यावर हक्क पोंचतो, अशी ही एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे, असा विचार त्याच ग्रंथांत आहे. जो हक्क ग्रंथकारानें दिला तो पत्रलेखकानें परत मागितला. बग्गीनें येणाऱ्या प्रवाशास डोळे आणि हृदय असतें, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून येणाऱ्यास तें नसतें, असें धरून चालल्यावांचून या दोन विधानांचा मेळ बसत नाहीं.

पुढें काय घडलें? १८४७ सालीं आगगाडी आली. १८५० सालीं कवि वारला. सरोवरावर मोठा घाला आला तो मात्र सहलीच्या गाडींतून आला नाहीं. तो नळांतून आला. मँचेस्टरला पाणी हवें होतें. १८७९ सालीं कायदा झाला, थर्लमिअर सरोवरास धरण घालून त्याची पातळी सुमारें ५० फूट चढविण्यांत आली, कांठची वस्ती पाण्याखालीं गेली, आणि १८९४ सालीं तें पाणी जवळजवळ शंभर मैलांवरील त्या शहरांत पोंचलें. या सरोवराच्या कडेस एक खडक होता. ग्रासमिअरचा वर्डस्वर्थ आणि केसिकचा कोलरिज यांची भेटण्याची ती अर्ध्या वाटेवरील जागा. दोघांनीं, डॉरोथीनें, मेरीनें आणि आणखी दोघां जिवलगांनीं आपल्या नांवांचीं आद्याक्षरें त्यावर कोरलीं होतीं. धरणाच्या कामांत तो खडक फुटला. रॉन्स्ली नांवाच्या धर्मोपदेशकानें त्याचे तुकडे गोळा करून जपले. आज ते ग्रासमिअरच्या जुन्या घरामागें लावून ठेविलेले आहेत. ज्या कवीनें कवितेंत एकटेपण निवडलें, त्यानें दगडावर मात्र सहा जणांचीं नांवें असूं दिलीं होतीं.

हेच रॉन्स्ली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांनीं १८९५ सालीं नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. १९०२ सालीं डर्वेंटवॉटर सरोवराच्या कांठचा ब्रँडलहाउ येथील सुमारें १०८ एकरांचा पट्टा तिनें लोकवर्गणीनें विकत घेतला. त्या वर्गणींत औद्योगिक शहरांतल्या कष्टकऱ्यांनीं धाडलेल्या अगदीं लहान रकमाहि होत्या. १९०६ सालीं अशाच वर्गणीनें गोबॅरो पार्क सर्वांकरितां राखून ठेवण्यांत आलें. म्हणजे भावंडें ज्याच्या कडेनें चाललीं तो अल्सवॉटरचा कांठच. ज्यांस सौंदर्याची रुचि नाहीं म्हणून दूर ठेवावयाचें होतें, त्यांच्या पैशांचा हातभार त्या कांठास लागला. कवीच्या युक्तिवादास इतिहासानें दिलेलें याहून सभ्य उत्तर मला माहीत नाहीं. अर्थात् त्याची भीति निव्वळ वेडगळ होती असेंहि नाहीं. २०१७ सालीं जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या त्या प्रदेशांत आज सुट्यांच्या दिवसांत मोटारी उभ्या करावयास जागा पुरत नाहीं, आणि विंडरमिअरमध्यें सांडपाणी जात असल्याची ओरड तेथील लोकच करीत आहेत. गर्दी कांठ राखते आणि गर्दीच कांठ मळविते. प्रश्न गर्दी किती हा नसून ती काय शिकून आली हा आहे.

ही हकीकत आपल्यापासून फार दूरची वाटूं नये. मुंबईकर ज्यांस निसर्ग म्हणतो तीं तळीं बहुतांशीं त्याच्या नळाचीं तळीं आहेत. विहार १८६०, तुळशी १८७९, पवई १८९१, तानसा १८९२ : मँचेस्टरनें थर्लमिअर घेतलें त्याच काळांत मुंबई आपल्या डोंगरांतून पाणी आणीत होती. यांपैकीं पवईचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि शहरास जें पितां आलें नाहीं तेंच त्याला फिरावयास मिळालें. १९५८ सालीं त्याच्या कांठीं तंत्रशिक्षणाची मोठी संस्था आली; नंतर उंच इमारती आल्या; पाण्यावर जलपर्णी पसरली. तरी त्या पाण्यांत मगरी अजून आहेत. अलीकडे महानगरपालिकेनें नागरिकांस व्यायाम व विसांवा मिळावा म्हणून तळ्याभोंवतीं सायकलमार्ग बांधावयास घेतला. लोक न्यायालयांत गेले, आणि २०२२ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें तें काम बेकायदा ठरवून जागा पूर्ववत् करावयास सांगितलें.

त्या वेळीं माझ्या ओळखीच्या पुष्कळ सुशिक्षितांस हा निकाल चमत्कारिक वाटला. तळें लोकांकरितां नाहीं तर कोणाकरितां, असें ते विचारीत. मला तो निकाल योग्य वाटतो, आणि तरीहि मी वर्डस्वर्थच्या पत्रांच्या बाजूस नाहीं. या दोहोंत विरोध नाहीं. आगगाडी माणसांस सरोवरापर्यंत आणून सोडीत होती. हा मार्ग तळ्याच्या अंगावरच उभा राहणार होता. तळ्यावर कोणीहि जावें, गाडीनें जावें, शेंकड्यांनीं जावें. पण तळें आपल्या विसांव्याचें साधन आहे अशा समजुतीनें जाऊं नये. ज्यास तळें हें साधन वाटतें तो कांठावर सिमेंट ओततांना कचरणार नाहीं, कारण त्याच्या लेखीं महत्त्व फेरीचें, कांठाचें नव्हे. 'मन ताजें झालें' या निरुपद्रवी उद्गारांत तो सायकलमार्ग बीजरूपानें असतो. टीकाकारानें कवितेच्या चुकीच्या वाचनाची एवढी चिंता कां वाहावी, असें कोणी विचारील तर माझें उत्तर हें आहे. जें आपण वर्गांत चुकीचें वाचतों तें पुढें तळ्याकांठीं चुकीचें बांधतों.

म्हणून माझी सूचना अगदीं साधी आहे. ही कविता शिकवावयाची असेल तर १५ एप्रिलची रोजनिशी तिच्या शेजारीं ठेवून शिकवावी. दोन्हीं वाचल्यावर विद्यार्थ्यांस कॉलेजजवळच्या एखाद्या पाण्याकांठीं न्यावें, मग तें तळें असो कीं नाल्याचें डबकें, आणि प्रत्येकानें तेथें काय पाहिलें, आणि तें प्रथम कोणी दाखविलें, हें लिहून आणावयास सांगावें. गेलीं दोन वर्षें मी असें करीत आहें. टिपणें घोटून घोटून मीं जें तीस वर्षांत शिकविलें नाहीं तें मुलें एका सकाळीं शिकतात. एकीनें खंड्याचें वर्णन करून शेवटीं, पक्षी चहाच्या टपरीवरच्या मुलानें दाखविला, अशी नोंद केली होती. तिला मीं पूर्ण गुण दिले.

त्या जुन्या विद्यार्थिनीस आज उत्तर द्यावयाचें तर मी असें देईन : बहीण कोठेंहि गेली नाहीं, बाई. ती त्या कांठावर आधीं पोंचली होती, आणि फुलें कवीला दिसलीं त्यांत तिच्या डोळ्यांचा वांटा होता. कवितेंतून तिला वगळण्याचा अधिकार कवीला होता. शिकवितांना तिला वगळण्याचा अधिकार मला नव्हता.

राहिली माझ्या ललितलेखाची गोष्ट. तो आतां एका संग्रहांत पुन्हां छापला जाणार आहे. पहिलें वाक्य मीं बदललें आहे, आणि मुद्रितें तपासावयास पत्नीकडे दिलीं आहेत. कमळपक्ष्याच्या शेपटीचें वर्णन चुकलें आहे असें ती म्हणते.